पॉलिशआधी स्पिरिटचा बोळा

प्रश्न : जेवणाच्या जुन्या सागवानी टेबलावर गरम पातेलं ठेवलं गेलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. सगळं टेबल पुन्हा पॉलिश करावं लागेल का? (सातारा)

घाई नको. आधी त्यावर काय चढवलंय ते ओळखू. पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. बोट चिकटलं, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश. तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं. पांढरं वर्तुळ म्हणजे लाखेच्या थरात शिरलेला ओलावा. खालचं लाकूड शाबूत आहे. धुवट सुती कापडाची पुरचुंडी करा आणि स्पिरिटनं जेमतेम ओलावा. गालाला गार लागली पाहिजे, पण ओल उमटता कामा नये. पाखरू पाण्याला चोच लावून जातं, तशी ती डागावरून फिरवायची. हात एका जागी रेंगाळला की पॉलिश उचकटलंच!

बोट चिकटलं नाही, तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हे रासायनिक पॉलिश असेल. तिथे स्पिरिट कामाचं नाही, पॉलिशवाल्याला बोलवा. डाग काळा असेल तर मात्र पाणी थेट लाकडात उतरलंय. लाकडातलं टॅनिन आणि लोखंडाचा अंश यांचा तो रंग असतो आणि तो वरून पुसून जात नाही.

प्रश्न : नव्या लाकडी पोळपाटाला शेंगदाण्याचं तेल लावते, पण त्याला वास येतो. (नाशिक)

येणारच. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, लाकडात बसून खवट होतं. पोळपाट धुऊन दोन दिवस सावलीत सुकवा आणि मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणून चोळा. ते खवट होत नाही. कडांना जास्त लावा, कारण लाकडाचा छेद सगळ्यात जास्त पितो. रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे लाकडाला लावायचं जवसाचं तेल, पोळपाटाला नको. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असू शकतात.

बेलतेलावरून आठवलं. दरवाजाला ते लावून झालं की चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर सुट्या पसरून वाळवा.

प्रश्न : बांबूच्या खुर्चीखाली रोज पिवळसर पीठ पडतं. वरून वार्निश मारू का? (सावंतवाडी)

वार्निशनं कीड आतच राहील. भुंगेऱ्याच्या अळ्या बांबूतला स्टार्च खातायत. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून ते सिरिंजनं भोकांत सोडा. कापलेल्या टोकांना ब्रशनं चार-पाचदा पाजा. बांबूची गुळगुळीत पाठ काही शोषत नाही. खुर्ची पूर्ण वाळल्यावर मग वार्निश, कारण बोरॅक्स पावसात धुऊन जातं. तयार खुर्चीची कीड यानं शंभर टक्के जाईलच असं नाही. खरा उपाय म्हणजे विणण्याआधी बांबू या पाण्यात बुडवून ठेवणं. पुढची खुर्ची घेताना कारागिराला तेवढं विचारा.

प्रश्न : गणपतीआधी देवघराला स्पिरिट पॉलिश करून घ्यावं का? (चिपळूण)

भर पावसात नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि पॉलिश दुधाळ होतं. यंदा गणपतीला देवघर नुसतं पुसून घ्या, पॉलिशवाल्याला दसऱ्यानंतरची तारीख द्या.