कुंडीतली चिलटं आणि सडणारी मुळं : वाचकांचे प्रश्न

आषाढ लागला की येणारे प्रश्न बदलतात. उन्हाळ्यात सगळे विचारतात पाणी किती घालू, आणि पावसाळ्यात विचारतात झाड का गेलं. यावेळी तर चिलटांचे प्रश्न आणि मुळं सडल्याचे प्रश्न जवळपास सारखेच आलेत आणि खरं सांगायचं तर ती दोन वेगळी दुखणी नाहीतच, बहुतेक घरांत दोन्हीमागे एकच कारण असतं, कुंडीतली माती कधी सुकतच नाही. म्हणून सगळे एकत्रच घेतेय.

प्रश्न (डोंबिवली) : ताई, हॉलमध्ये आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये मिळून बऱ्याच कुंड्या आहेत. गेले काही आठवडे बारीक काळी चिलटं घरभर उडतायत, चहाच्या कपात पडतात, मोबाईल हातात घेतला की स्क्रीनवर येऊन बसतात. डासांचा स्प्रे मारला, धूप केला, दोन दिवस कमी होतात आणि परत तेवढीच. सासूबाई म्हणतात झाडंच काढून टाक. घरात तान्हं बाळ आहे, ही चावतात का?

उत्तर : चावत नाहीत, आधी ते मनातून काढा. झाडंही काढू नका.

आधी खात्री करा की ती कुंडीतलीच आहेत. केळी-आंब्यावर घोंघावतात ती फळमाशी, बाथरूमच्या भिंतीवर केसाळ पंखांची बसलेली असते ती गटारातली. कुंडीतली काळी, सडपातळ, लांब पायांची, दोन-तीन मिलिमीटरची असतात, उडतात पण धड लांब जात नाहीत, पाणी घातलं की मातीवरून भुर्रकन उठतात आणि परत तिथेच बसतात. यांना फंगस नॅट म्हणतात.

आता स्प्रेने का जात नाहीत ते बघा. उडणारं चिलट आठवडाभर जगतं, फार तर दहा दिवस, पण तेवढ्यात एक मादी ओल्या मातीच्या वरच्या एक-दोन इंचांत शंभराच्या वर अंडी घालू शकते. आपल्याकडच्या उबेत ती तीन-चार दिवसांत फुटतात, मग दोनेक आठवडे अळी मातीत खात राहते, मग काही दिवस कोष, मग परत चिलट. म्हणजे तुम्ही हवेत मारताय ती या सगळ्यातली शेवटची पायरी, बाकी सगळं कुटुंब खाली मातीत सुखात आहे. आणि तो स्प्रे तान्ह्या बाळाच्या खोलीत तर मारूच नका.

अळ्या आहेत का आणि कुठल्या कुंडीत आहेत हे बघायला एक सोपी गोष्ट करा. कच्च्या बटाट्याची जाड चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. खाली पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक, चकचकीत काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या दिसल्या की समजायचं हीच कुंडी. सगळ्या कुंड्यांत चकत्या ठेवा, कारण बऱ्याचदा दोन-तीन कुंड्याच सगळ्या घराला चिलटं पुरवत असतात. पांढरे किडे टुणटुण उड्या मारताना दिसले तर ते वेगळे, त्यांचा झाडाला त्रास नाही, सोडून द्या.

अळ्यांचं खरं खाणं म्हणजे बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पाला. मोठ्या झाडाला त्या फारसं काही करत नाहीत पण रोपं, नुकत्या लावलेल्या फांद्या आणि आधीच आजारी झाड असेल तर कोवळी मुळं कुरतडतात, आणि मुळं सडवणारी बुरशी एका कुंडीतून दुसरीत नेतात ते वेगळंच.

तर आता काय करायचं. सगळ्यात मोठं औषध म्हणजे वरची माती सुकू देणं. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, ओलं लागलं तर पाणी नाही, मग कालही घातलं नसलं तरी नाही. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताचं मिश्रण आठवडा-आठवडा ओलं राहतं. वर कोरडं दिसतं, आत स्पंजासारखं भिजलेलं. अंडी आणि लहान अळ्या कोरड्या मातीत तगत नाहीत. ज्या झाडांना पाणी लागतंच त्यांना खालून द्या, म्हणजे कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवायची आणि निथळून परत जागेवर. ताटलीत पाणी साठू द्यायचं नाही, तिथे डेंग्यूचा डास होतो आणि तो मात्र चावतो.

दुसरं, कुंडीत स्वयंपाकघर ओतणं बंद करा. तुम्ही लिहिलं नाहीये पण दर दुसऱ्या पत्रात असतं म्हणून सांगते. चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, केळीच्या सालीचं पाणी, ताक. रील बघून सगळे घालतात. गच्चीवर कडक उन्हात एकवेळ चालून जाईल पण बंद खिडकीतल्या कुंडीत त्याला बुरशी येते आणि ती बुरशी या अळ्यांचं जेवण आहे. अर्धवट कुजलेलं शेणखत पण तेच करतं, आणि निंबोळी पेंड वर भुरभुरली तर तिलाही दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते, पेंड नेहमी मातीत मिसळायची.

तिसरं, अळीसाठी बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस इस्रायलेन्सिस. डासांच्या अळ्या मारायला वापरतात तोच जिवाणू, माणसाला आणि बाळाला त्याचा त्रास नाही. पाण्यात कालवून मातीत घालायचं, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. पण पाकिटावरचं नाव नीट वाचा हं, आपल्याकडे दुकानात नुसतं बीटी मागितलं तर बहुतेक वेळा त्याच जिवाणूची कुर्स्टाकी ही दुसरी जात देतात, ते पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठी असतं, चिलटांवर त्याचा काही उपयोग नाही. बीटीआय नाही मिळालं तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, आधी थोड्या लिक्विड साबणात फेटून मग पाण्यात, आणि मातीत ओतायचं. वास येतो दोन दिवस, त्याला इलाज नाही.

पिवळे चिकट कार्ड कुंडीत मातीलगत आडवे ठेवा. त्याने चिलटं संपत नाहीत, पण उडणारी अडकतात आणि तुम्हाला कळतं की कमी होतायत की नाही. सगळ्या कुंड्यांचं एकदमच करा आणि किमान महिनाभर सोडू नका, कारण आज घातलेलं अंडं तीन-चार आठवड्यांनी उडणार आहे.

प्रश्न (चिपळूण) : दालचिनी पावडर टाकली तर चिलटं जातात का? आणि हायड्रोजन पेरॉक्साईड?

उत्तर : दालचिनीवर पैसे घालवू नका, ती मसाल्यातच बरी. पेरॉक्साईडने मातीतल्या अळ्या अंगाला लागल्या तर मरतात पण अंडी राहतात, आणि मातीतले चांगले जिवाणूही मरतात, त्यामुळे एकदा अगदी फार झालं असेल तरच. मेडिकलमधली बाटली बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, ती एकास नऊ भाग पाणी, ३ टक्क्यांची असेल तर एकास चार. ट्रायकोडर्मा (मुळं सडवणाऱ्या रोगांना रोखणारी चांगली बुरशी) घालणार असाल तर मध्ये आठवडा जाऊ द्या.

प्रश्न (पुणे) : स्नेक प्लांट कधी मरत नाही म्हणतात म्हणून घेतला. मी दर रविवारी न चुकता पाणी घालतो, तळाशी ड्रेनेजसाठी विटांचे तुकडे पण टाकलेत, तरी पानं बुडाशी मऊ पडून पिवळी झालीत, एक तर ओढल्यावर हातातच आलं. अजून पाणी कमी पडतंय का?

उत्तर : नाही हो, जास्त पडतंय. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन संपतो, मुळं गुदमरतात, आणि अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटॉप्थोरासारखे रोग बसतात. आणि मुळंच गेली की झाड पाणी ओढणार कशाने, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड सुद्धा सुकल्यासारखं दिसतं, आपल्याला वाटतं तहान लागलीय, आणि आपण अजून एक तांब्या ओततो. किती झाडं या एका गैरसमजापायी जातात! माती ओली आणि झाड मलूल असं दिसलं की पाणी थांबवायचं आणि मुळं बघायची.

रविवारचा नियम आजपासून बंद. एप्रिलमधला रविवार आणि जुलैमधला रविवार सारखा नसतो. घरातल्या स्नेक प्लांटला पावसाळ्यात तीन आठवडे पाणी नाही घातलं तरी काही होत नाही.

विटांचे तुकडे. हे आपल्या आजीपासून चालत आलंय आणि मला माहितीये अनेकांना पटणार नाही पण सांगतेच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाच्या थरात अडून राहतं. म्हणजे तुकड्यांचा तीन इंच थर दिला तर तो ओला थर तीन इंच वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. भोकावर एक बाकदार खापरी ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही, बास. पाण्याचा निचरा मातीतूनच व्हायला हवा. आणि कुंडीला भोक आहे ना? शोभेच्या सिरॅमिक कुंड्यांना बऱ्याचदा नसतंच.

आता झाड काढा. कुंडी आडवी करून ठोका, मातीसकट बाहेर घ्या, मुळं पाण्याखाली धुवा. चांगलं मूळ पांढरं किंवा स्नेक प्लांटचं असेल तर नारिंगीसर, आणि टणक असतं. सडलेलं तपकिरी-काळं, बोटात चेपतं, वास मारतं, कधीकधी वरची साल ओढली की निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. ते सगळं कात्रीने कापा, मऊ झालेला गड्डाही टणक पांढरा भाग दिसेपर्यंत कापा, दर वेळी कात्री स्पिरिटने पुसा. मग सावलीत दोन-तीन दिवस उघडंच ठेवा, काप वाळू द्या. जुनी माती वापरायची नाही. दोन भाग लाल माती, दीड-दोन भाग जाडी वाळू किंवा पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), एक भाग चाळलेलं पूर्ण कुजलेलं खत. समुद्राची वाळू नको, खारट असते. काळी माती तर कुंडीत नकोच, शेतात सोनं असली तरी कुंडीत भिजली की फुगून चिखल होतो आणि सुकली की भेगा. कुंडी आधीच्यापेक्षा लहान घ्या, मुळं कमी झालीत तर ओली माती पण कमीच हवी. चमचाभर ट्रायकोडर्मा मिसळा, कृषी सेवा केंद्रात मिळतो, पाकिटावरची तारीख बघून घ्या. आठवडाभर पाणी नाही, खत तर महिना-दीड महिना नाहीच.

सगळाच गड्डा गेला असेल तर वरचं चांगलं पान तीन-चार इंचांच्या तुकड्यांत कापून वाळूत लावा, खालची बाजू खालीच ठेवा, उलटं लावलं तर मुळं येत नाहीत. पिवळ्या काठाची जात असेल तर नवीन रोपाला काठ येणार नाही, साधं हिरवंच येईल.

प्रश्न (कोल्हापूर) : दरवर्षी श्रावणात आमची वृंदावनातली तुळस जाते. सासूबाईंच्या वेळेपासून पूजा चालू आहे, मनाला फार लागतं. काही चुकतंय का?

उत्तर : काकू, पूजेत काही चुकत नाहीये, वृंदावनात पाणी अडतंय. सिमेंटच्या बऱ्याच वृंदावनांना खाली भोकच नसतं, किंवा असलं तरी बुजलेलं असतं. वरून पाऊस आणि रोजचा तांब्या. गवंड्याकडून खालच्या बाजूला भोक पाडून घ्या, ते जमत नसेल तर आत मातीची कुंडी ठेवा, एका विटेवर, आणि अगदी झोडपणाऱ्या पावसात ती उचलून वळचणीला आणा. पावसाळ्याचे महिने तांब्याऐवजी पळीभर पाणी वाहा. दूध, अक्षता, हळदकुंकू मातीत न घालता बुंध्यापाशी छोटं ताम्हण ठेवून त्यात वाहिलंत तर मातीवर बुरशी धरणार नाही. आणि मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, त्यातलं बी टाकून दोन रोपं मागच्या दारी कायम तयार ठेवा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : भारतातून आल्यावर हौसेने कढीपत्ता लावला. उन्हाळाभर बाहेर छान होता, गेल्या हिवाळ्यात घरात घेतला तर पानं गळाली आणि घरभर चिलटं. यंदा काय करू?

उत्तर : कढीपत्ता थंडीत, कमी उजेडात झोपतो, पानं गाळतो, ते मरण नाही. पण पानं नाहीत म्हणजे तो पाणी पीतही नाही आणि आपण मात्र जुलैसारखंच घालत राहतो. रात्रीचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या खाली जायच्या आधी आत घ्या, त्याआधी आठवडाभर बाहेरच वरची माती नीट सुकू द्या आणि बीटीआय घाला. तुमच्याकडे ते ‘मॉस्किटो बिट्स’ नावाने सहज मिळतं, पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी घालायचं. दक्षिणेकडची खिडकी, नाहीतर ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा. खोडाची साल नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर मार्चपर्यंत धीर धरा, खत अजिबात नको.

प्रश्न (नाशिक) : गच्चीवरचे टोमॅटो उपटले तर मुळांना गाठीच गाठी. चवळीच्या मुळांनाही गाठी आहेत. सगळी माती फेकू का?

उत्तर : चवळीच्या गाठी बोटाने सहज सुटतात का आणि फोडल्यावर आत गुलाबी आहे का बघा. तशा असतील तर त्या रायझोबियम नावाच्या जिवाणूंच्या आहेत, हवेतला नत्र झाडाला देणाऱ्या, फार चांगल्या. टोमॅटोच्या मात्र मुळातच फुगलेल्या असणार, निघणार नाहीत, तो सूत्रकृमींचा त्रास, डोळ्यांना न दिसणारे किडे मुळात शिरून गाठी करतात.

माती फेकू नका पण तिच्यात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी लावू नका आणि ती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, खुरपंही धुऊन वापरा. खरं काम एप्रिल-मेमध्ये, ओली करून गच्चीवर पसरायची, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे ऊन खाऊ द्यायचं. काळं प्लास्टिक नको, त्याने माती तेवढी तापत नाही. तोपर्यंत कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळून आत्ता झेंडू लावा, झेंडूच्या मुळांपाशी हे सूत्रकृमी वाढत नाहीत. दसऱ्याला फुलं मिळतील, आणि नंतर झाडं उपटू नका, मातीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या.