इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला ग्राहकाच्या अभिव्यक्तीवर मर्यादा घालता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या कंपनीकडून आपण इंटरनेट घेता तिच्या अटींमध्ये ‘आक्षेपार्ह मजकूर प्रसारित केल्यास जोडणी पूर्वसूचनेशिवाय बंद करण्यात येईल’ असे कलम आहे, आणि एका खाजगी कंपनीला असा अधिकार कोणी दिला. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, तो अधिकार कंपनीला बहुधा आपल्याच सहीने मिळालेला असतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी मुख्यतः सरकारला बांधून ठेवते. कंपनी आणि ग्राहक यांच्यातील नाते कराराचे असते. तरीही असे कलम मला धोकादायक वाटते.

येथे एक भेद आधी स्पष्ट केला पाहिजे, कारण चर्चेत तो नेहमी पुसला जातो. ज्या संकेतस्थळावर आपण लिहितो ते चालवणारी कंपनी वेगळी आणि आपल्या घरापर्यंत इंटरनेट आणून देणारी कंपनी वेगळी. संकेतस्थळाने आपला मजकूर काढला, तर वाईट वाटले तरी दुसरीकडे लिहिता येते. जोडणीच तोडली, तर लिहिणे, वाचणे, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, नोकरीचे काम हे सारे एकदम थांबते. शिवाय जोडणी एकाच्या नावावर असते आणि वापरतात घरातले सगळे, त्यामुळे एका व्यक्तीच्या लेखनाची शिक्षा ज्यांनी एक अक्षरही लिहिलेले नाही त्यांनाही भोगावी लागते. म्हणूनच संकेतस्थळाला जी मोकळीक मी देईन, ती जोडणी देणाऱ्या कंपनीला देणार नाही.

अशा अधिकाराचा वापर कसा होतो, याची उदाहरणे नोंदलेली आहेत. कॅनडात २००५ साली टेलस या दूरसंचार कंपनीचा तिच्या कामगार संघटनेशी तीव्र संघर्ष सुरू होता. त्या काळात कंपनीने संघटनेच्या बाजूने चालवले जाणारे एक संकेतस्थळ आपल्या इंटरनेट ग्राहकांसाठी बंद केले. आपल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेला धोका असल्याचे कारण कंपनीने दिले, आणि ते कारण खोटेच होते असे मी म्हणणार नाही. परंतु भांडणातला एक पक्षच दुसऱ्या पक्षाचे म्हणणे लोकांपर्यंत जाऊ द्यायचे की नाही हे ठरवत होता, ही गोष्ट त्या कारणाने झाकली जात नाही. त्याहून बोलका भाग पुढे आहे. ते संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळे साठवून पुरवणाऱ्या संगणकावर होते, त्याच पत्त्यावर इतरांचीही संकेतस्थळे होती. कंपनीने तो पत्ताच अडवल्यामुळे, या वादाशी काडीचाही संबंध नसलेली सातशेहून अधिक संकेतस्थळे सोबत बंद झाली. विशेष म्हणजे कॅनडाच्या १९९३ च्या दूरसंचार कायद्यातील कलम ३६ नुसार, तेथील दूरसंचार नियामक आयोगाच्या परवानगीशिवाय वाहक कंपनीला ती वाहून नेत असलेल्या मजकुरावर नियंत्रण ठेवता येत नाही.

हा केवळ एका कंपनीचा हलगर्जीपणा नव्हता. यंत्रणेचे स्वरूपच तसे आहे. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात असते. आपण कोणत्या संकेतस्थळाशी जोडले गेलो, हे सेवा देणाऱ्या कंपनीला सहसा दिसते. तेथे कोणते पान उघडले किंवा काय लिहिले, हे दिसत नाही. त्यामुळे एखादा लेख अडवायचा झाला तर तिला संपूर्ण संकेतस्थळ अडवावे लागते, आणि ग्राहकाच्या ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दल कारवाई करायची झाली तर ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी तक्रारीवर विसंबून करावी लागते. तक्रार करणाऱ्याचा हेतू तपासण्याची यंत्रणा आणि इच्छा अशा कंपन्यांकडे कितपत असते, याविषयी मला शंका आहे.

कलमाची भाषा किती सैल असू शकते, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २००७ साली एटी अँड टी या कंपनीच्या अटींमध्ये, कंपनीच्या नावलौकिकाला बाधा आणणारे वर्तन हेदेखील सेवा बंद करण्याचे एक कारण म्हणून लिहिलेले होते. म्हणजे कंपनीवर टीका करणारा ग्राहकही त्या शब्दांत बसला असता. ओरड झाल्यावर कंपनीने ती भाषा बदलली. त्याच देशातील १९९६ च्या ‘कम्युनिकेशन्स डिसेन्सी ॲक्ट’ या कायद्याचे कलम २३० इंटरनेट जोडणी देणाऱ्यांनाही लागू होते, आणि मजकूर घटनेने संरक्षित असला तरी तो आक्षेपार्ह वाटल्यावरून सद्हेतूने अडवणाऱ्या कंपनीला ते दाव्यांपासून संरक्षण देते.

सगळ्याच मर्यादा वाईट असतात, असे मात्र मी मानत नाही. आपल्या जोडणीवरून हजारो लोकांना नको असलेले ई-मेल जात असतील, किंवा संगणकात शिरलेल्या व्हायरसमुळे दुसऱ्याच्या सर्व्हरवर हल्ला होत असेल, तर कंपनीने हस्तक्षेप केलाच पाहिजे. अनेक कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी ई-मेल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे त्यासाठीचा ठरावीक मार्ग, याच कारणासाठी बंद ठेवतात. येथे प्रश्न जाळ्याच्या सुरक्षिततेचा असतो. कोण काय म्हणाले याचा नसतो. न्यायालयाचा किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा आदेश आला, तर तो पाळणेही भाग आहे, कारण अशा आदेशाला निदान आव्हान देता येते. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमावलीने साधारण हीच रेषा आखली आहे: कायद्याचे पालन, जाळ्याची सुरक्षितता आणि जाळ्यावरील वाहतुकीची असाधारण गर्दी या कारणांपलीकडे सेवा देणाऱ्याने मजकूर अडवू नये.

आपल्या बाबतीत मी असे सुचवेन की, अटींची आजची प्रत तारखेसह जतन करून ठेवावी, कारण त्या एकतर्फी बदलता येतील असेही कलम बहुधा त्यांतच असते. नंतर कंपनीला लेखी विचारावे की ‘आक्षेपार्ह’ हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवणार, कारवाईपूर्वी ग्राहकाचे म्हणणे ऐकले जाणार का, आणि निर्णयाविरुद्ध दाद कोणाकडे मागायची. दूरध्वनीवर मिळालेल्या आश्वासनावर विसंबू नये. उत्तर आले नाही किंवा गोलमाल आले, तर तोच पत्रव्यवहार जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. आपल्या भागात दुसरी कंपनीच उपलब्ध नसेल, तर ते तक्रारीत आवर्जून नमूद करावे, कारण ‘अटी मान्य नसतील तर दुसरीकडून सेवा घ्या’ हे कंपनीचे ठरलेले उत्तर तेथे लागू पडत नाही.