इंग्रजी अमदानीतल्या नागपूर-भंडारा-बालाघाटच्या मँगनीज खाणींचा इतिहास शोधायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात फर्मोरपासून करा. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या या भूशास्त्रज्ञाचा भारतातल्या मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ 1909 साली प्रसिद्ध झाला. मनसर, कांद्री अशा एकेका खाणीचं वर्णन त्यात सापडतं. पण तो खडकांचा माणूस. खाणीत राबणारे हात त्यात फारसे दिसत नाहीत. माझ्या मते खरा इतिहास त्या हातांचाच आहे.

त्यासाठी मुख्य खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल वाचा. 1901 च्या खाण कायद्यानंतरच्या या अहवालांत मजूर बायकांची संख्या वेगळी नोंदलेली असते, अपघातही असतात. ते वाचताना मन सुन्न होतं. मात्र ‘अपघाताचं कारण’ म्हणून जे लिहिलंय ते साहेबाच्या नजरेतून आलंय, हे विसरू नका.

1908 च्या सुमाराची जिल्हा गॅझेटिअर्सही चाळा. आणि नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं, तरी 1956 नंतर बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. म्हणून नागपूरच्या पुराभिलेखागारावरच थांबू नका, भोपाळलाही जा.

गावातल्या म्हाताऱ्यांशी मात्र आधी बोला. कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत.