ऑफिसच्या खुर्चीला फ्लाइट सिम्युलेटरची जॉयस्टिक आणि थ्रॉटल घरच्या घरी कशी बसवावी?

जॉयस्टिक (म्हणजे स्टिक, विमान वळवायचा दांडा) आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) दोन्ही बसवता येतात, आणि चांगले घट्ट बसतात. तुम्ही लिहिलंय की टेबलाला क्लॅम्प लावून खेळलं की खांदे भरून येतात, परदेशातून येणारे तयार माउंट परवडत नाहीत आणि त्याच खुर्चीवर दिवसा ऑफिसचं कामही करायचंय. या तिन्ही अडचणी एकाच सांगाड्यात सुटतात. आमच्या जळगावात, धुळ्यात, भुसावळला, अगदी तालुक्याच्या गावातही खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवणारा वेल्डिंगवाला असतोच. त्याच्या हाताला सवय असलेलंच हे काम आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. स्टिक हाताच्या दांडीवर, म्हणजे आर्मरेस्टवर, अडकवू नका. वजन पेलवेल, प्रश्न वजनाचा नाहीच. स्टिकची मूठ तळापासून साधारण वीस सेंटिमीटर वर असते. तिच्यावर दोन-तीन किलोचा जोर दिला तरी खाली पिळवटणारा जोर बराच तयार होतो, आणि तो दर सेकंदाला दिशा बदलतो. प्लास्टिकची आर्मरेस्ट आधी करकरते, मग सैल होते आणि शेवटी बोल्टच्या भोकापाशी तडकते. शिवाय माउंट दोन मिलिमीटर जरी हलला तरी नेम धरताना किंवा हवेत इंधन घेताना हात स्थिर राहत नाही. म्हणून डावी आणि उजवी बाजू सीटच्या खालून एकमेकींना लोखंडाने जोडलेली हवी. हे एवढं पाळलंत तर बाकीचं जमतं.

खुर्ची उलटी करून बघा. सीटच्या प्लायवूडमध्ये टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचे आट्यांचे नट, असतात, त्यात आर्मरेस्टचे बोल्ट जातात. आपल्याला हीच भोकं वापरायची आहेत, नवीन भोक पाडायचं नाही. एक बोल्ट काढून हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा, आट्या जुळवूनच नवीन घ्या. आर्मरेस्ट तशीच ठेवून तिच्या आणि सीटच्या मधे सहा मिलिमीटरची पट्टी घालणार असाल तर नवीन बोल्टही जुन्यापेक्षा सहा मिलिमीटरच जास्त लांब घ्या. त्याहून लांब घेतला तर तो गादीतून वर येतो.

इथे एक धोका आहे. काही स्वस्त खुर्च्यांत पाठ आणि सीट यांना जोडणारी वस्तू आर्मरेस्टच असते, मागे वेगळा कंस नसतो. तशी खुर्ची असेल तर आर्मरेस्ट काढून टाकायचा विचार सोडा, पाठ निखळेल. आणि मधल्या गॅस सिलिंडरला ड्रिल किंवा वेल्डिंग कधीही लावू नका, त्यात दाबाखालचा वायू असतो. वेल्डिंग करताना सांगाडा खुर्चीपासून सुटा करूनच करायचा, कारण सीटमधला फोम ठिणगीने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

आता स्टिक कुठे हवी? हे तुम्ही कोणतं विमान उडवणार यावर ठरतं. राफेल आणि एफ-16 मध्ये स्टिक उजव्या हाताशी, थ्रॉटल डाव्या हाताशी. एअरबस ए320 मध्ये डाव्या खुर्चीतल्या पायलटची स्टिक डाव्या हाताला असते आणि थ्रॉटल उजवीकडे मधे. तेजस, मिराज 2000, सुखोई-30 यांत मात्र स्टिक दोन गुडघ्यांच्या मधे. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरला प्रशिक्षणाची विमानं घिरट्या घालताना बघून तुम्हाला हा नाद लागला असेल आणि सेसना उडवायची असेल, तर सेसना 172 ला स्टिक नसून योक, म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांची मूठ, असतो. तो टेबलाला लावणंच बरं, खुर्चीला नको.

बाजूची स्टिक करणं सोपं. पण एक लक्षात घ्या. एफ-16 च्या सुरुवातीच्या विमानांत ती स्टिक हलतच नव्हती, फक्त हाताचा जोर ओळखायची. नंतर तिला थोडीशी हालचाल दिली. म्हणजे तिथे सगळं काम मनगटाचं, कोपर टेकलेलं. घरची जॉयस्टिक बऱ्याच जास्त अंशांत फिरते. म्हणून कोपर टेकायला आर्मरेस्ट ठेवा, पण थोडी खाली घ्या, आणि स्टिकची पाटी तिच्या पुढे येऊ द्या.

मापं टेपने घेण्याआधी शरीराने घ्या. खुर्चीत नेहमीसारखे बसा, पाठ टेकवा, डोळे मिटा आणि जणू स्टिक हातात आहे असा हात सैल सोडा. घरातल्या कुणाला तरी मुठीची उंची आणि सीटच्या कडेपासूनचं अंतर मोजायला सांगा. दोन्ही हातांचं वेगळं मोजा, थ्रॉटलचा हात साधारण थोडा पुढे आणि खाली जातो. मुठीच्या उंचीतून स्टिकची स्वतःची उंची वजा केली की पाटीची उंची मिळते. माणसाने टेबलाच्या उंचीशी जुळवून घ्यायचं, यातूनच तुमचं खांदेदुखीचं दुखणं आलंय.

लोखंड कापायच्या आधी पीव्हीसी पाइपचा नमुना करा. जळगाव जिल्ह्यात पाइपचे तुकडे, एल्बो, टी यांना तोटा नाही, शेतात ठिबकच्या कामातून उरलेले पडून असतात. त्यांना न चिकटवता नुसतं अडकवून उभं करा, दोन संध्याकाळी त्यावर उडवून बघा आणि माप पक्कं करा. कायमचा माउंट मात्र पीव्हीसीचा करू नका. तो तुटत नाही, पण लवतो, आणि सतत ताणात राहिला की हळूहळू वाकून तसाच राहतो. नेटवर बरेच जण वेल्क्रो किंवा दुहेरी टेप सुचवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो, त्या उकाड्यात टेपचा डिंक मऊ पडतो आणि स्टिक सरकते. बोल्टच लावा.

सांगाडा असा: सीटखाली दोन्ही बाजूंना पुढे-मागे जाणारी 50 बाय 6 मिलिमीटरची एकेक पट्टी, आर्मरेस्टच्या भोकांना बसेल अशी. त्या दोघींना जोडणारा 35 मिलिमीटरचा आडवा अँगल, खुर्चीच्या झुकवण्याच्या यंत्रणेच्या पुढून जाणारा, म्हणजे लिव्हर मोकळी राहते. पट्टीच्या पुढच्या टोकाला सवा इंची चौकोनी पाइपचा उभा तुकडा, त्यात वरखाली सरकणारा एक इंची पाइप, आणि त्याच्या डोक्यावर स्टिकची पाटी. सगळं मिळून लोखंड पाच किलोच्या आसपास लागतं.

एक इंची पाइप सवा इंचीच्या आत सैल बसतो. त्याला एकच बोल्ट दाबून भागत नाही, पाइप डुलत राहतो. बाहेरच्या पाइपच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंना, काटकोनात, नट वेल्ड करून दोन हातबोल्ट लावा. दोघं मिळून आतला पाइप समोरच्या कोपऱ्यात दाबून धरतात आणि सगळी हालचाल जाते. याच रचनेमुळे तुमचं ऑफिसचं कामही सुटतं: सकाळी दोन बोल्ट सैल केले की पाटी स्टिकसकट वर उचलून निघते आणि खुर्ची टेबलाखाली जाते.

वेल्डिंगवाल्याकडे तोंडी वर्णन करत बसू नका, पीव्हीसीचा नमुना आणि खुर्ची दोन्ही घेऊन जा. मी पाटीसाठी तीन मिलिमीटरची पट्टी पुढे केली तेव्हा आमच्या मिस्त्रींनी ती हातात घेऊन वाकवली आणि म्हणाले, "पट्टी पातय शे भाऊ," म्हणजे पट्टी पातळ आहे. त्यांनीच पाटीच्या खालून तिरका टेकू टाकायला लावला, आणि तो टेकू तुम्हीही टाकाच. आधी नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून घ्या, बसून बघा, गुनियात (काटकोनात) आहे ना ते तपासा, मग पूर्ण वेल्डिंग. स्टिकची पाटी आतल्या बाजूला दहा-पंधरा अंश कलती ठेवली तर मनगटाला आराम पडतो. मूठ पिळून रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) देणारी स्टिक असेल तर ती किमान तीन स्क्रूंनी धरा, एका स्क्रूवर ती गोल फिरते. थ्रस्टमास्टर वॉर्थॉगसारख्या जड स्टिकला तळाच्या पत्र्यात भोकं असतात, बाकी काहींचे स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात.

पायाचे पेडल असतील तर आणखी एक कटकट. शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर पेडल दाबलं की खुर्चीच मागे पळते. चाकं ओढून काढा आणि त्याच खाचेत बसणारे रबरी पाय लावा, किंवा खुर्चीचा मधला दांडा आणि पेडलचा तळ सामानाच्या पट्ट्याने बांधून टाका. पट्टा जास्त सोयीचा, कारण सकाळी सोडता येतो. गुडघ्यांमधली स्टिक करणार असाल तर तिची पाटी खुर्चीच्या पायांच्या घेराबाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर पुढे वाकताना तोल जातो.

वायरींसाठी सीटखाली एक पॉवर असलेला यूएसबी हब लावा आणि संगणकाकडे एकच वायर न्या, पाच मीटरच्या आतली.

शेवटचं, पण टाळू नका: घरची अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर संगणकाच्या पत्र्यावर विजेचा थोडा दाब येतो, तो यूएसबीच्या आवरणातून धातूच्या स्टिकपर्यंत पोचतो आणि हाताला झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायची जुनी पद्धत आहे ती सोडू नका.

रेड ऑक्साइड आणि वरून काळा रंग दिला की झालं. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) वापरा, पहिल्या आठवड्यानंतर एकदा पाना फिरवा. खुर्चीच्या खालच्या बाजूचा फोटो टाकलात तर तुमच्या भोकांच्या हिशोबाने पट्टीची लांबी आणि आडव्या अँगलची जागा काढून देतो.