दुरंगी गुलाबाचा रंग गेला कुठे? घरच्या गुलाबाविषयी कृषी सल्ला

पाऊस ओसरला आणि छाटणी जवळ आली की गुलाबाविषयी विचारणा वाढते. या वेळी आलेले तीन प्रश्न रंगाचेच आहेत, म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी अंगणात ‘डबल डिलाइट’ हा दुरंगी गुलाब लावला. पहिल्या हिवाळ्यात मलई रंगाच्या पाकळ्या आणि लाल कडा, अशी सुरेख फुले आली. आता झाड पुरुषभर उंच झाले आहे, पण फुले येतात ती बारीक, फिक्या गुलाबी झुबक्यांची. फुलाचा रंग असा बदलतो का? (शेतकरी, लोणी काळभोर)

दादा, फुलाचा रंग बदललेला नाही, झाडच बदलले आहे. रोपवाटिकेत मिळणारा गुलाब म्हणजे एकावर एक अशी दोन झाडे असतात. खाली रानटी, काटक गुलाबाचा खुंट असतो आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे नवी फांदी जिथून फुटते तो कोंब, सालीत बसवून भरलेला असतो. खुंटाचा जोम जास्त. त्याला फूट आली आणि ती वेळीच काढली नाही, तर अन्नपाणी तीच खाते आणि वरची नाजूक जात वर्ष-दीड वर्षात वाळून जाते. तुमच्याकडे हेच झालेले दिसते.

आज बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करा. डोळा भरलेल्या जागी गाठ दिसेल. गाठीच्या वरून निघालेली एखादी जरी हिरवी फांदी शिल्लक असेल तर झाड वाचले म्हणून समजा. गाठीच्या खालून निघालेली प्रत्येक फूट मुळापाशी धरून खाली ओढून काढा. कात्रीने कापू नका, कारण कापल्यावर तळाशी राहिलेल्या डोळ्यांतून पुन्हा फुटी येतात. ‘सात पानांची फांदी ती रानटी’ असे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबू नका. चांगल्या जातींनाही जोमदार फांदीवर सात पाने येतात. फूट निघाली कुठून, एवढेच पाहायचे.

वरचा भाग पूर्ण वाळला असेल तरी झाड उपटू नका. तुमच्याकडे रुजलेला, दणकट खुंट तयार आहे. थंडीत त्यावर पेन्सिलीएवढ्या जाड फांदीच्या बुडाशी इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्या आणि शेजाऱ्यांच्या किंवा रोपवाटिकेच्या ‘डबल डिलाइट’चा फुगीर डोळा सालीखाली सरकवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधा. डोळा तेवढा उघडा ठेवायचा. तीन-चार आठवड्यांत तो हिरवा राहिला, फुगू लागला, की वरचा खुंट छाटून टाका. हे काम उरुळी कांचन, सोरतापवाडी भागातल्या रोपवाटिकांतले कारागीर सफाईने करतात. तुमच्यापासून ते जवळ आहे, एकदा समोर उभे राहून पाहा.

तुमच्या भागातल्या भारी काळ्या जमिनीत आणखी एक अडचण असते. पाणी साचते आणि चुनखड असेल तर कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) 1 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारा. नवीन रोप लावताना दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात तांबडी माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरा, वाफा थोडा उंच ठेवा आणि डोळ्याची गाठ मातीच्या वर दोन बोटे राहील असे लावा.

प्रश्न : आमच्या गॅलरीतल्या कुंडीत तोच गुलाब आहे. खुंटाची फूट नाही, तरी फूल जवळजवळ पांढरेच येते. खत कमी पडते का? (गृहिणी, वाघोली)

ताई, खत नाही, ऊन कमी पडते. 1977 साली बाजारात आलेल्या या जातीचे वैशिष्ट्यच असे, की पाकळीवर थेट ऊन पडेल तिथे लाल रंग चढतो. सावलीत ती मलई रंगाचीच राहते. गॅलरीच्या काचेमागे किंवा वरच्या स्लॅबच्या सावलीत कुंडी असेल तर कितीही खत घाला, लाली येणार नाही. उलट नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि मावा येतो. रोज किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशा कठड्याजवळ किंवा गच्चीवर कुंडी हलवा. कुंडी 12 इंचांपेक्षा लहान नको.

पुण्याचा हिवाळा, म्हणजे दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, हा रंगीत गुलाबांसाठी सोन्याचा काळ. ‘पीस’ या जातीच्या पिवळ्या पाकळ्यांची गुलाबी कडा डिसेंबरमध्ये ठळक दिसते, तीच एप्रिल-मेच्या उन्हात फिकी पडते. तेव्हा घाबरून औषधे मारू नका. दुपारी सावलीची जाळी धरा, पाणी सकाळी द्या. ‘मस्करेड’ ही जात पिवळी उमलून गुलाबी आणि मग लाल होते, तोही तिचा स्वभावच आहे, रोग नाही. पट्ट्यापट्ट्यांचे फूल हवे असेल तर आपल्याकडे तयार झालेली ‘अभिसारिका’ शोधा.

ऑक्टोबरच्या मध्यात पाऊस थांबला की छाटणी करा. वाळक्या, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या काढून चार-पाच जोमदार फांद्या दीड फुटावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर, तिरक्या कापा. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा, नाहीतर फांदी टोकापासून काळी पडत खाली मरत येते. घरच्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून 1 लिटर पेस्ट करा. लोखंडी भांडे वापरू नका. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात.

थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, तेही सकाळी किंवा संध्याकाळी, कडक उन्हात नाही. फिक्या पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होत असतील तर ते फुलकिडे आहेत. निळा चिकट सापळा लावा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

प्रश्न : ऑनलाइन ‘इंद्रधनुषी गुलाबा’चे बी मिळते. घ्यावे का? (विद्यार्थी, हडपसर)

घेऊ नका. तसले फूल झाडावर येतच नाही. पांढऱ्या गुलाबाचा दांडा उभा चिरून प्रत्येक भाग वेगळ्या रंगाच्या पाण्यात ठेवतात, तेव्हा ते रंग पाकळ्यांत चढतात. गर्द निळ्या गुलाबाचे बी म्हणून विकतात तेही तसेच. शिवाय बियांपासून मूळ जातीसारखे फूल मिळत नाही, म्हणून गुलाब नेहमी डोळे भरलेलाच घ्यावा. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डन या बागेत पुष्पप्रदर्शन भरते, तिथे जाती डोळ्यांनी पाहा, आवडलेल्यांची नावे लिहून घ्या आणि रोप फुलावर असतानाच विकत घ्या.