माझ्या मुलातलं टॅलेंट कधी दिसणार?

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्या दोनतीन भेटींत एक प्रश्न हमखास येतो. कधी आई विचारते, कधी सोबत आलेले आजोबा. "मॅडम, अशा मुलांना देवाने काहीतरी खास दिलेलं असतंच ना? आमच्या मुलात काय आहे ते कसं ओळखायचं?" हल्ली हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की म्हटलं आता सविस्तर लिहूयाच, आणि त्यासाठी ओमच्या घरची गोष्ट सांगते (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला आईबाबांचा होकार आहे).

ओम सात वर्षांचा. थोडे शब्द होते पण पाणी हवंय, भूक लागलीय हे सांगायला तो ते वापरायचा नाही. आकड्यांचं मात्र प्रचंड वेड, लिफ्टमधले मजले, गाड्यांच्या नंबरप्लेट, कॅलेंडर, दुकानांच्या पाट्यांवरचे फोन नंबर सगळं एकदा बघितलं की पाठ. बाबा आयटीमध्ये, अभ्यासू माणूस. त्यांनी कुठेतरी 'टच' या अमेरिकन मालिकेचा पहिला एपिसोड बघितला आणि तिथून सगळं सुरू झालं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2012 साली फॉक्स चॅनेलवर आलेली ही मालिका, 'हीरोज' ही आधीची मालिका बनवणाऱ्या टिम क्रिंगची. जेक नावाचा 11 वर्षांचा मुलगा, त्याला ऑटिझम आहे असं सगळे धरून चाललेत, आयुष्यात एक शब्द बोललेला नाही, कोणी हात लावलेला सहन होत नाही, वह्याच्या वह्या आकड्यांनी भरतो. आई 9/11 च्या हल्ल्यात गेली, बाबा (किफर सदरलँड) एकटे त्याला सांभाळतायत. जेक 318 हा आकडा पुन्हापुन्हा दाखवत राहतो, आणि शेवटी बाबांना कळतं की मुलाला जगातल्या माणसांचे एकमेकांशी जोडलेले धागे आकड्यांमध्ये दिसतात. एपिसोड संपेपर्यंत त्या आकड्यामुळे शाळेच्या बसमधली मुलं वाचतात. बघताना डोळ्यात पाणी येतंच, माझ्याही आलं.

ओमचे बाबा पुढच्या भेटीला एक जाडजूड डायरी घेऊन आले. ओम जे जे आकडे बोलेल ते सगळे त्यात, पानंच्या पानं. एक आकडा लाल पेनाने गोल केलेला. दोन-सात-चार.

"मॅडम, हा तो सारखा म्हणतो. मी फोड करून बघितली. 274 म्हणजे दोन गुणिले 137. आणि 137 हा फिजिक्समधला फार गाजलेला आकडा आहे, मोठमोठ्या शास्त्रज्ञांना त्याने झपाटलंय."

शेजारी ओमची आई शांत बसून होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी विचारलं, "ओम हे कधी म्हणतो?"

"कधीही म्हणतो."

"कधीही म्हणजे? शेवटचं कधी म्हणाला?"

बाबांना आठवेना. आकडा पक्का लक्षात होता, तेव्हा ओम कुठे उभा होता, चेहरा कसा होता, घरात काय चाललं होतं, यातलं काहीच आठवेना. मी त्यांना रागावले नाही, कारण हा माणूस रोज रात्री जागून मुलाला समजून घ्यायची धडपड करत होता, फक्त नजर मुलाच्या पलीकडे कुठेतरी लागलेली होती. मी एवढंच म्हटलं, "डायरी चालूच ठेवा, पण आकड्याचा अर्थ नका शोधू. वेळ लिहा, आणि घरात तेव्हा काय चालू होतं ते लिहा."

माझी कामाची पद्धत अशीच आहे, आधी मुलाच्या मागे जायचं आणि मग त्याला आपल्या मागे यायला सांगायचं. स्टॅन्ली ग्रीनस्पॅन नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञांनी ही वाट दाखवली, मुलाबरोबर जमिनीवर बसा आणि तो जे करतोय त्यात सामील व्हा. ऐकायला सोपं वाटतं, पण शिकवायची सवय लागलेल्या आईबाबांना हे फार जड जातं हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

पुढच्या वेळी डायरी उघडली तर दोन-सात-चारच्या पुढे बाबांनी इमानदारीने लिहिलेलं. संध्याकाळी साडेसात, कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवर सिरियल. परत पावणेआठ, मिक्सर. शनिवारी पाहुणे, सगळे एकदम बोलतायत. रविवारी समोरच्या बिल्डिंगमध्ये ड्रिलिंग. मी काहीच बोलले नाही, डायरी फक्त आईकडे सरकवली. तिने वाचलं, परत वरपासून वाचलं, आणि एकदम म्हणाली, "अरे, दोन-सात-चार तर माझ्या आईकडे जायची बस आहे!"

ओमची ही आजी एकटी राहते. घरात टीव्ही नाही, दुपारी पंख्याशिवाय आवाज नाही. आजी त्याला काही विचारत नाही, शिकवत नाही, तो खिडकीत बसतो आणि ती शेजारी शेंगा सोलत बसते.

बाबा बराच वेळ डायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तो आम्हाला सांगत होता."

हो, सांगतच होता. इथला आवाज सहन होत नाहीये, मला आजीकडे न्या. इतकं मोठं वाक्य त्याने तीन आकड्यांत बसवलं होतं आणि रोज म्हणत होता. ऑटिझम असलेली बरीच मुलं एखादा ऐकलेला शब्द, जाहिरातीची ओळ किंवा आकडा असा पूर्ण वाक्यासारखा वापरतात, आपल्याला ती निरर्थक बडबड वाटते. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी असं एखादं कुलूप उघडतं त्या दिवशी मी घरी वेगळ्याच आनंदात जाते, आणि ते मुलाच्या आईने स्वतः उघडलं याचं मला जास्त समाधान आहे.

मग आम्ही साधंच ठरवलं. ओम दोन-सात-चार म्हणाला की मिक्सर बंद, टीव्ही बंद, त्याच्या उंचीला खाली बसायचं आणि म्हणायचं, "खूप आवाज होतोय ना?" स्पीच थेरपिस्टने बसचं चित्र असलेलं एक कार्ड बनवून दिलं. हळूहळू ओम ते कार्ड स्वतः आणून द्यायला लागला, एकदा तर बाबांचं बोट धरून त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावून घेतलं. बाबांनी फोन करून सांगितलं तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. सगळ्याच ऑटिस्टिक मुलांमध्ये अलौकिक देणगी असते हे खरं नाही. बर्नार्ड रिमलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये पालकांच्या माहितीवरून जो अभ्यास मांडला त्यात असं विशेष कौशल्य साधारण दहात एका मुलात होतं, नंतरच्या काही अभ्यासांत प्रमाण जास्त आलं, पण सगळ्यांमध्ये असतं असं कुठेच आलेलं नाही. उलट सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेची अलीकडची आकडेवारी सांगते की ऑटिझम असलेल्या 8 वर्षांच्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुलांना बौद्धिक अक्षमताही असते. 'रेन मॅन' सिनेमातला अफाट स्मरणशक्तीचा ऑटिस्टिक नायक बघून आपण सगळे भारावलो, पण ते पात्र ज्यांच्यावरून सुचलं त्या किम पीक यांना ऑटिझम नव्हता असंच नंतर तज्ज्ञांचं मत झालं.

'टच'मध्ये अजून एक गोष्ट आहे जी पालकांच्या लक्षात येत नाही. जेक बोलत नाही, पण प्रेक्षकाला त्याच्या मनातलं निवेदन ऐकू येतं, सुंदर, स्पष्ट भाषेत. तुमच्या घरी ते निवेदन नाहीये. तुम्हाला मुलाच्या अंगावरून, वेळेवरून, कानावर हात ठेवण्यावरून वाचायचंय. आणि त्या एपिसोडमध्ये मला सगळ्यात खरा वाटला तो चमत्कार नाही, तर बाबा मुलाला बदलायचं थांबवून तो नेतो तिकडे जायला लागतात तो भाग. तेवढं मात्र जरूर घ्या.

रोज वीसेक मिनिटं जमिनीवर बसा, फोन दुसऱ्या खोलीत, हे काय ते काय असे प्रश्न नकोत. तो गाड्या रांगेत लावतोय तर तुम्ही पुढची गाडी हातात द्या. पाहुण्यांसमोर "काकांना अमुक तारखेला कुठला वार येतो ते सांग" हे कृपया बंद करा, त्यात मूल थकतं आणि आपली किंमत उत्तरावर आहे हे शिकतं. एखादं कौशल्य दिसलंच तर त्याचा आनंद घ्या, खतपाणी घाला, पण त्यापायी स्पीच थेरपी सोडू नका (ओमची ती मध्ये बंद करून अबॅकसचा क्लास लावला होता). चित्रांची कार्डं किंवा बोलणारं अॅप दिलं तर मूल बोलायचं आळसावेल ही भीतीही काढून टाका, तसं होत नाही.

आणि दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. ओमच्या बाबांनी ते इतके दिवस टाळलं होतं, जीनियस निघाला तर शिक्का कशाला म्हणून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, मग सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी होते. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना 1 लाखापर्यंतची आहे, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींनाही सर्टिफिकेट लागतं. गेल्या महिन्यात ते तपासणीला जाऊन आले, तिथल्या गर्दीत ओमने बसचं कार्ड काढून दाखवलं तेव्हा बाबा त्याला घेऊन सरळ बाहेर झाडाखाली जाऊन थांबले आणि नंबर आल्यावर आईने फोन केला.