रेल्वेत नवीन लागलास? पेन्शनचं आधी बघ

नाशिकरोडला रेल्वेत रुजू झालास, मनापासून आनंद झाला. आता एक काम टाळू नकोस. रुजू झाल्यापासून ३० दिवसांत यूपीएसचा (युनिफाइड पेन्शन स्कीम, ठरलेल्या पेन्शनची हमी देणारी योजना) पर्याय भरायचा असतो. काहीच कळवलं नाहीस तर तू एनपीएसमध्येच (नॅशनल पेन्शन सिस्टीम, बाजारावर अवलंबून असलेली योजना) राहशील. २००४ आधीच्यांची जुनी पेन्शन तुला लागू नाही, तिच्या गप्पांत वेळ घालवू नकोस.

यूपीएसमध्ये २५ वर्षं सेवा झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के पेन्शन, वर महागाईवाढ. तुझ्यामागे बायकोला त्या पेन्शनच्या ६० टक्के. एनपीएसमध्ये पगाराच्या १० टक्के तू आणि १४ टक्के सरकार भरतं, ते पैसे बाजारात वाढतात. निवृत्तीला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात, उरलेल्याची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा मिळणारी ठरावीक रक्कम. ही अॅन्युइटी सहसा महागाईबरोबर वाढत नाही, खरी मेख तिथेच आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी औषधं आजच्या भावात मिळणार नाहीत रे.

म्हणून घरात दुसरी कमाई नसेल तर मी यूपीएसच सांगेन. मात्र दिंडोरीच्या द्राक्षबागेत लवकर परतायचं मनात असेल तर थांब: स्वेच्छानिवृत्ती घेतलीस तरी यूपीएसची पेन्शन निवृत्तीच्या नियत वयापासूनच सुरू होते. अर्ज भरण्याआधी बायकोशी नीट बोल.